हिराबाई बडोदेकर : बैठकीपासून सभागृहापर्यंत

वाचनालयाच्या शताब्दी ग्रंथात गाण्याच्या मैफलीविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. वाचनालय आणि मैफल यांचे नाते जवळचे आहे, आणि ते कागदाच्या एका लहानशा तुकड्याने जोडलेले आहे. वाचनालयाची वर्गणी भरली की हाती पावती येते. मैफलीचे पैसे भरले की हाती तिकीट येते. हे दोन्ही कागद आपल्या समाजात आले त्याला अजून फार काळ लोटलेला नाही. त्यापूर्वी पोथी मठात, देवळात किंवा एखाद्या विद्वानाच्या घरी असे, आणि ती पाहावयास मिळावी म्हणून ओळख, कुळ किंवा कृपा यांपैकी काहीतरी गाठीशी असावे लागे. गाणेही तसेच दरबारात, सरदारांच्या वाड्यात किंवा सावकाराच्या दिवाणखान्यात असे, आणि तेथे प्रवेश निमंत्रणाने होई. पावतीने पुस्तक सर्वांचे केले. तिकिटाने गाणे सर्वांचे केले. मात्र तिकिटाने त्याहून अधिक काही केले. गाणाऱ्या स्त्रीचे समाजातील स्थान त्याने बदलून टाकले. हा बदल ज्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसतो त्या गानकलावती म्हणजे हिराबाई बडोदेकर.

हिराबाईंचा जन्म मे १९०५ मध्ये मिरजेस झाला. संकेश्वर-निपाणीच्या वाचकांना मिरज परकी नाही. आज मध्ये राज्याची सीमा आहे. परंतु १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता, आणि कोल्हापूर, मिरज, सांगली, कुरुंदवाड, जमखंडी ही संस्थाने त्याच्या शेजारी पसरलेली होती. हिरण्यकेशी, घटप्रभा आणि कृष्णा या नद्यांच्या काठी मराठी व कानडी या दोन्ही भाषा एकाच बाजारात बोलल्या जात, आजही बोलल्या जातात. पुण्याहून निघालेली आगगाडी मिरज, बेळगाव, लोंढा करीत धारवाड-हुबळीस जाई, आणि तिच्यातून नाटक कंपन्यांच्या सामानाबरोबर गवई, तंबोरे आणि सारंग्याही जात. मिरजेस तंतुवाद्ये बनविणाऱ्या कारागिरांचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून भरभराटीस आला होता. मिरजेच्या तंबोऱ्याला साऱ्या हिंदुस्थानात मागणी असे, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या गावात लाकूड आणि भोपळा यांतून स्वर जन्मास येत होता, त्याच गावात हिराबाईंचा जन्म व्हावा, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे.

त्यांचे वडील म्हणजे किराणा घराण्याचे विख्यात गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७). किराणा म्हणजे उत्तरेतील कैराना. त्या दूरच्या गावाचे नाव लावणारे गाणे कृष्णाकाठी कसे रुजले, याची हकीकत बडोद्यापासून सुरू होते. खाँसाहेब तरुणपणी बडोद्याच्या दरबारी होते. तेथे सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचा स्नेह जडला आणि दोघांनी बडोदे सोडले. मराठा सरदार घराण्यातील मुलीने मुसलमान गवयाबरोबर संसार थाटावा, ही घटना त्या काळी किती वादळी ठरली असेल याची कल्पना आजच्या वाचकासही करता येईल. मुंबई आणि नंतर मिरज येथे हा संसार झाला. त्यातील पाच अपत्ये पुढे संगीताशी निगडित राहिली : सुरेशबाबू, हिराबाई, कृष्णराव, कमलाबाई आणि सरस्वतीबाई. घरात या मुलांची नावे निराळी होती. सुरेशबाबू हे अब्दुल रहमान, हिराबाई या चंपाकली, कमलाबाई या गुलाब आणि सरस्वतीबाई या सकीना.

पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात ताराबाई मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून कायमच्या वेगळ्या झाल्या. मुलांची नावे बदलली, आडनावही बदलले. मुलगे माने झाले. चंपाकलीची हिराबाई झाली, आणि आईच्या माहेरच्या गावावरून ती बडोदेकर म्हणवू लागली. या नावात वडिलांचा उल्लेख कोठेही उरला नाही. गळ्यातील स्वर मात्र त्यांचाच राहिला. हिराबाईंचे आयुष्य समजून घेताना ही गोष्ट विसरून चालत नाही. एका स्त्रीने एकटीने पाच मुले वाढवायची आणि त्या मुलांजवळ गाण्याखेरीज दुसरे भांडवल नाही, अशी ती परिस्थिती होती. मुलींनी गावे तर समाज काय म्हणेल, हा प्रश्न होताच. आणि न गावे तर घर कसे चालावे, हा त्याहून मोठा प्रश्न होता.

'समाज काय म्हणेल' या शब्दांमागचे वास्तव येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी घरंदाज म्हणविणाऱ्या कुटुंबातील मुलीने चारचौघांत गाणे निषिद्ध मानले जाई. जाहीरपणे गाणाऱ्या स्त्रिया बहुतांशी कलावंत, नायकीण, देवदासी किंवा उत्तरेतील तवायफ परंपरेतील होत्या. त्यांच्याजवळ विद्या होती. कित्येकींजवळ तर पुरुष गवयांनी हेवा करावा इतकी विद्या होती. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर (१८९२-१९७७) आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४-२००१) यांनी उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याकडे केलेली साधना सर्वश्रुत आहे. परंतु विद्येला प्रतिष्ठा आणि विद्यावतीला उपेक्षा, असा तो न्याय होता. बैठकीत गाणारी स्त्री ही यजमानाने बोलावलेली असे. केव्हा गावे, काय गावे, किती वेळ गावे, हे यजमान ठरवी. फर्माईश आली की ख्याल थांबवून दुसरे काही म्हणावे लागे. काही ठिकाणी ती उभ्यानेच गाई आणि साथीदारही उभ्यानेच साथ करीत. गाण्याबरोबर हावभाव, डोळ्यांचे विभ्रम यांचीही अपेक्षा असे. आणि त्या दिवाणखान्यात यजमानाच्या घरातील स्त्रिया मात्र नसत. असल्याच तर पडद्याआड असत.

आपल्याच भागातील एक उदाहरण हे चित्र स्पष्ट करील. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगाव येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. तेथे स्वागतगीत गाणाऱ्या मुलींमध्ये धारवाडची एक अकरा वर्षांची मुलगी होती. तीच पुढे किराणा घराण्याच्या थोर गायिका गंगूबाई हनगल (१९१३-२००९) म्हणून प्रसिद्धीस आली. गाण्याची भीती तिला नव्हती. जेवणानंतर आपल्याला उष्टी काढावयास सांगतील की काय, ही धास्ती तिच्या मनात होती, असे गंगूबाईंनी पुढे स्वतः सांगितले आहे. राष्ट्राच्या व्यासपीठावर गाणाऱ्या मुलीच्या मनातही जात आणि कूळ यांची ही टोचणी होती. हिराबाईंची पिढी याच जगात उभी राहत होती.

हिराबाईंचे शिक्षण वडिलांच्या समोर बसून रीतसर झाले नाही. घरात अहोरात्र चाललेले गाणे कानावर पडत होते. वडील बंधू सुरेशबाबू (१९०२-१९५३) हे त्यांचे पहिले गुरू. सुरेशबाबू हे गायक तर होतेच, पण शिकविण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. त्यानंतर किराणा घराण्याचे दुसरे आधारस्तंभ उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची तालीम हिराबाईंना मिळाली. वहीद खाँ स्वतः लहानपणी कोल्हापुरास येऊन हैदर खाँ यांच्याकडे शिकले होते. एका रागाचा विस्तार सावकाशीने, एकेक स्वर पारखून घेत, कोणतीही घाई न करता करणे हे त्यांच्या गायकीचे मर्म होते. हिराबाईंच्या गाण्यात वडिलांचा आर्त, सुरेल लगाव आणि वहीद खाँची शिस्तबद्ध बढत यांचा संगम झाला. त्यांचा आवाज मुळात कोमल, गोड आणि कमालीचा सुरेल. तानांचा गडगडाट किंवा लयीची झटापट यांच्या मागे त्या कधी लागल्या नाहीत. स्वर अचूक जागी लागला की श्रोता आपोआप शांत होतो, या विश्वासावर त्यांचे सारे गाणे उभे होते.

१९२१ साली मुंबईस गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परिषदेत सोळा वर्षांच्या हिराबाई प्रथम जाहीरपणे गायल्या. या प्रसंगामागे असलेली व्यक्ती आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडचा, शिक्षण मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, आणि १९३१ साली देहावसानही मिरजेसच. संस्थानिकाचा आश्रय सोडून गवयाने लोकांसमोर जाऊन गावे आणि लोकांनी तिकीट काढून ऐकावे, हा विचार त्यांनी आयुष्यभर आचरला. १९०१ साली लाहोर येथे आणि पुढे १९०८ साली मुंबईस त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. तेथे कोणाही इच्छुकास फी भरून संगीत शिकता येई. गवयाला व्यसनी आश्रिताच्या प्रतिमेतून सोडवून शिक्षकाच्या आसनावर बसविण्याचे श्रेय त्यांचे. त्याच व्यासपीठावर हिराबाई गायल्या. पुरुष गवयासाठी विष्णु दिगंबरांनी जी वाट पाडली, त्या वाटेवर स्त्रीलाही पाऊल टाकता येईल, हे त्या दिवशी दिसले.

त्यानंतरच्या वर्षांत हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली सुरू केल्या. हिंदुस्थानी संगीतात अशी मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्री गायिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पहिलेपणाच्या मानापेक्षा या मैफलींचे स्वरूप अधिक मोलाचे होते. तिकीट लावले म्हणजे वेळ ठरली, जागा ठरली आणि गाणाऱ्याचा क्रमही ठरला. श्रोत्याने पैसे आधीच दिलेले असल्याने गाता गाता बिदागीकडे पाहण्याचे कारण उरले नाही. कोणा एकट्याने बोलाविलेले नसल्याने कोणा एकट्याची मर्जी राखण्याचेही कारण उरले नाही. चार आण्यांचे तिकीट काढणारा शाळामास्तर आणि पुढच्या खुर्चीवरचा वकील हे दोघेही सारखेच श्रोते झाले. आणि महत्त्वाचे म्हणजे, सभागृहात स्त्रियाही येऊ लागल्या. आपल्या पतीबरोबर, मुलींबरोबर येऊन उघडपणे गाणे ऐकणे त्यांना शक्य झाले. गाणारी स्त्री आणि ऐकणारी स्त्री एकाच दिव्याच्या उजेडात समोरासमोर बसल्या.

या नव्या जागेला शोभेल अशी वागणूकही हिराबाईंनी घडविली. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, ताठ आणि स्थिर बसून, हातवारे जवळजवळ न करता त्या गात. चेहऱ्यावर प्रसन्नता असे. श्रोत्यांना रिझविण्याची धडपड नसे. मैफलीत ख्यालानंतर ठुमरी, नाट्यपद, भावगीत किंवा भजन असा क्रम त्या ठेवीत, त्यामुळे रागदारीशी नुकतीच ओळख झालेला श्रोताही परकेपणाने परत जात नसे. आज मैफलीतील हा क्रम आपल्याला इतका परिचित आहे की तो कोणीतरी विचारपूर्वक रूढ केला असेल, हे ध्यानातही येत नाही.

गाण्याबरोबरच नाटकाचेही मोठे साहस या कुटुंबाने केले. मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याची परंपरा तेव्हा दृढ होती, आणि बालगंधर्वांसारखा (१८८८-१९६७) अलौकिक नट ती करीत असताना ती मोडावी असे फारसे कोणास वाटतही नव्हते. ताराबाई आणि त्यांच्या मुलांनी 'नूतन संगीत विद्यालय' ही शाळा काढली, आणि तिच्याच नाट्यशाखेतर्फे १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून नाटके होऊ लागली. हिराबाई, कमलाबाई आणि सरस्वतीबाई या तिघी बहिणी स्त्रीभूमिका करीत आणि पुरुष नटांबरोबर एकाच रंगमंचावर उभ्या राहत. 'सौभद्र', 'पुण्यप्रभाव', 'युगांतर', 'साध्वी मीराबाई' अशी नाटके त्यांनी केली. 'सौभद्र'चे कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर हे आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांनी १८८२ साली रंगभूमीवर आणलेल्या या नाटकातील स्त्रीपात्रे वर्षानुवर्षे पुरुषांच्या गळ्यातून गात होती. ती आता स्त्रीच्या गळ्यातून गाऊ लागली. 'नाट्यमन्वंतर' या संस्थेचे 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक १९३३ साली रंगभूमीवर आले, आणि त्यातील स्त्री कलावंतांमुळे मराठी नाटकाचे नवे युग सुरू झाले असे आपण योग्यच म्हणतो. परंतु त्याआधीच या तिघी बहिणींनी ती वाट चालून दाखविली होती, याची आठवणही ठेवली पाहिजे.

या साहसाची किंमत मोठी होती. १९३१ साली 'आलम आरा' आणि १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' पडद्यावर आला. बोलपटाच्या लाटेपुढे भलभल्या नाटक कंपन्या टिकल्या नाहीत, तशी हीही टिकली नाही. कंपनी बंद पडली आणि कर्ज मागे राहिले. ते फेडण्याचा भार मुख्यत्वे हिराबाईंच्या मैफलींवर पडला. गावोगावचे दौरे, रात्रीचे गाणे, पहाटेची गाडी आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा गाणे, असा तो काळ होता. त्या काळात त्यांनी चित्रपटांतही काम केले. 'सुवर्ण मंदिर' (१९३४) आणि कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी बाबूराव पेंटर यांनी काढलेला 'प्रतिभा' (१९३७) ही त्यांतील नावे. पण चित्रपटात त्यांचे मन रमले नाही. गाणे हेच त्यांचे घर होते आणि त्या तेथेच परतल्या.

ज्यांना मैफलीस जाणे शक्य नव्हते त्यांच्यापर्यंत हिराबाई ग्रामोफोनच्या तबकडीने पोहोचल्या. हिंदुस्थानात १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हापासून या नव्या यंत्राला आपलेसे करण्यात स्त्री गायिका आघाडीवर होत्या. अनेक उस्ताद यंत्राला आपला आवाज देण्यास कचरत असताना या स्त्रियांनी तो दिला. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. तास-तासभर रागाची बढत करणाऱ्या किराणा घराण्याच्या गायिकेने या तीन मिनिटांत काय सांगावे? हिराबाईंनी त्याचे उत्तर फार सुंदर दिले. पहिल्या दोन-चार स्वरांतच त्या रागाचे स्वरूप उभे करीत आणि उरलेला वेळ त्या स्वरूपाला धक्का न लावता सजवीत. 'उपवनी गात कोकिळा' हे त्यांचे भावगीत तर घरोघरी पोहोचले. आपल्या भागातील लहान गावांतही एखाद्या दुकानात, चहाच्या हॉटेलात किंवा सधन शेतकऱ्याच्या सोप्यात फोनो असे, आणि कर्ण्यासमोर माणसे जमत. गदगला शाळकरी भीमसेन जोशींनी अब्दुल करीम खाँची तबकडी ऐकली आणि अकराव्या वर्षी घर सोडले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. तबकडीने गुरूच्या दारापाशी नेऊन सोडलेल्या मुली किती होत्या याची नोंद कोणी ठेवली नाही; परंतु हिराबाईंची तबकडी घरात वाजली आणि त्यानंतर मुलीला पेटी शिकवावयास बाप राजी झाला, हे त्या पिढीतील अनेक घरांचे वास्तव होते.

ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीस जात असता सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनवर अब्दुल करीम खाँ यांचे देहावसान झाले. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात त्यांचे दफन झाले, आणि तेथील उरुसात दरवर्षी गवई येऊन गातात. पिता-पुत्रीच्या नात्याचा दुरावा काहीही असो, खाँसाहेबांची गायकी महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या मध्यमवर्गीय घरांत नेली ती त्यांच्याच या मुलांनी. सवाई गंधर्व आणि त्यांचे शिष्य यांनी एका बाजूने व माने-बडोदेकर भावंडांनी दुसऱ्या बाजूने हे कार्य केले. म्हणूनच हुबळी-धारवाड आणि पुणे-मिरज या दोन टोकांच्या मध्ये असलेल्या आपल्या प्रदेशात किराणा घराण्याचे गाणे घरचेच वाटते.

पुढील काळात हिराबाईंना मानसन्मान भरपूर लाभले. सरोजिनी नायडू यांनी त्यांना 'गानकोकिळा' म्हणून गौरविले. १९४९ साली पूर्व आफ्रिकेत आणि १९५३ साली सांस्कृतिक शिष्टमंडळाबरोबर चीनमध्ये त्यांचे गाणे झाले. १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० साली पद्मभूषण हा किताब त्यांना मिळाला. धाकट्या भगिनी सरस्वतीबाई राणे (१९१३-२००६) यांच्याबरोबर त्यांनी केलेली जुगलबंदी हाही एक नवा प्रघात होता. दोन स्त्रियांनी एकत्र बसून, एकमेकींना संपविण्याची ईर्ष्या न ठेवता, एकाच रागाचे दालन दोघींनी उजळावे, असे ते गाणे असे. शिष्यांच्या बाबतीतही त्या उदार होत्या. माणिक वर्मा आणि डॉ. प्रभा अत्रे यांसारख्या गायिकांना सुरेशबाबूंबरोबर हिराबाईंचेही मार्गदर्शन लाभले. प्रभाताईंचे जानेवारी २०२४ मध्ये निधन झाले, तेव्हा त्या परंपरेतील एक मोठा दुवा निखळला. नोव्हेंबर १९८९ मध्ये हिराबाईंनी इहलोकीची यात्रा संपविली.

त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना एक गोष्ट मोकळेपणाने मांडली पाहिजे. हिराबाईंनी गाणाऱ्या स्त्रीला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती एका विशिष्ट साच्यात मिळवून दिली. खांद्यावरचा पदर, स्थिर बैठक, भक्तिपर शेवट हे सारे मध्यमवर्गाला मानवणारे होते. हा साचा ज्यांना साधला त्या सन्मानाने व्यासपीठावर आल्या. ज्यांना तो साधला नाही, किंवा ज्यांना समाजाने तो साधू दिला नाही, त्या मागे राहिल्या. १९४६ च्या सुमारास, सरदार वल्लभभाई पटेल नभोवाणी खात्याचे मंत्री असताना, ज्यांच्या खासगी आयुष्याविषयी लोकापवाद आहे अशा गायिकांना नभोवाणीवर न घेण्याचे धोरण अवलंबिले गेले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी ठुमरी, दादरा आणि ख्याल जिवंत ठेवला, त्यांच्यापैकी कित्येकींची दारे यामुळे बंद झाली. त्यांची नावे तबकड्यांच्या लेबलांवर राहिली. चरित्रे कोणी लिहिली नाहीत. हिराबाईंचे थोरपण याने कमी होत नाही. साचा त्यांनी घडविला तो स्वतःच्या आणि घराच्या तगण्यासाठी. त्याचे कुंपण समाजाने केले. परंतु एकीच्या सन्मानाची गोष्ट सांगताना अनेकींच्या विस्मरणाची गोष्ट झाकून ठेवणे इतिहासाला शोभणार नाही.

येथेच वाचनालयाचे काम सुरू होते. गाणे हवेत विरते. तबकडी फुटते, तिच्यावर चरे पडतात. मैफलीचे तिकीट दुसऱ्या दिवशी केराच्या टोपलीत जाते, आणि नाटकाची हस्तपत्रके रद्दीत जातात. एखाद्या गायिकेच्या आयुष्याची हकीकत लिहू पाहणाऱ्यास मात्र नेमके हेच कागद हवे असतात : कोणत्या साली, कोणत्या गावी, किती आण्यांच्या तिकिटाला ती गायली, साथीस कोण होते, स्त्रियांसाठी बसण्याची सोय होती की नव्हती. मोठ्या शहरांच्या मैफलींची वृत्ते वर्तमानपत्रांतून सापडतात. बेळगाव, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, गडहिंग्लज, संकेश्वर यांसारख्या गावांत आलेल्या नाटक कंपन्या आणि गायिका यांची नोंद सापडलीच तर ती घरोघरच्या ट्रंकांत, जुन्या रोजनिश्यांत आणि माळ्यावरच्या गाठोड्यांतच सापडणार.

ग्रंथालयाच्या सभासदांनी आणि आश्रयदात्यांनी शताब्दीच्या वर्षी अनेक संकल्प केले असतील. त्यांत आणखी एकाची भर पडावी, अशी विनंती आहे. आपल्या घरी जुन्या तबकड्या, नाटकांची हस्तपत्रके, पदांची छोटी पुस्तके, मैफलींची निमंत्रणे किंवा तिकिटे असतील, तर ती रद्दीत घालण्यापूर्वी ग्रंथपालांना दाखवावीत. त्यांची तारीखवार नोंद आणि एक साधे कपाट, एवढी व्यवस्थाही पुरेशी आहे. मिरजेच्या एका मुलीने वडिलांचे नाव गमावून, आईचा आधार होऊन, तिकिटाच्या एका कागदावर स्वतःचे नाव मानाने छापून आणले. ते नाव आपल्या ओळखीचे राहिले. त्याच काळात याच वाटेने गेलेल्या, ज्यांची नावे आज कोणास आठवत नाहीत, त्यांच्याही कागदांना आपल्या वाचनालयात जागा असावी.